उन्हाळी शिबिरात ऑर्केस्ट्रासाठी पहिली रचना

अमेरिकेतल्या टँगलवूडसारख्या उन्हाळी शिबिरात विद्यार्थ्याची रचना खरा ऑर्केस्ट्रा वाजवतो तेव्हा हाती मोजकीच मिनिटं असतात. म्हणून तीन मिनिटांचंच लिहा. चुका सापडल्या, तर पुन्हा वाजवून घ्यायला वेळ उरतो.

आधी स्वरलिपीच्या चार ओळींत आराखडा, मग वाद्यांची वाटणी. बासरीचे खालचे सूर मऊ असतात. सोबत ट्रम्पेट जोरात ठेवलं की बासरी फक्त कागदावर उरते. जोरात वाजताना एका ट्रम्पेटला दोन हॉर्न (गोल वळवलेल्या नळीचं पितळी वाद्य), असं ढोबळ गणित धरा. रचना संगणकावर वाजवून ऐकली, तर हे कळत नाही, तिथे बासरीसुद्धा ट्रॉम्बोनला गप्प करते!

सगळ्यात जास्त वेळ खातात चुकीच्या पट्टीत लिहिलेले सूर. काही वाद्यांत लिहिलेला सूर आणि ऐकू येणारा सूर वेगळा असतो: बी फ्लॅट क्लॅरिनेटला सी लिहिला की बी फ्लॅट ऐकू येतो, एफ हॉर्न लिहिल्यापेक्षा पाच सूर खाली (लिहिलेला सूर धरून), म्हणजे सी लिहिला तर एफ, आणि डबल बास एक सप्तक खाली.

वादकांचे कागद वेगळे छापा. पान उलटायला हात मोकळा हवा, तेव्हा पान विरामावर संपवा. चाळीस बार (ठरावीक मात्रांचे तुकडे) गप्प बसलेल्याला प्रवेशाआधी दुसऱ्या वाद्याची ओळ बारीक स्वरचिन्हांत दाखवा. बार क्रमांक सगळीकडे तेच.

मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, एकट्या व्हायोलिनवर शोभते. बारा जणांना दिली, तर प्रत्येक जण आपल्या वेगाने घसरतो. घसरणं कुठल्या मात्रेवर सुरू आणि कुठे संपतं, ते नेमकं लिहा.