मिठाची कणीक: मुलांना उद्योग, आपल्याला उसंत

२ वाट्या मैदा, १ वाटी बारीक मीठ, पाणी पाऊण वाटीपासून थोडं थोडं. बोटांना चिकटायची थांबली की कणीक झाली. सैल पडली तर मैदा वाढवा. मळायचं कामही पोरांवरच सोपवा, पसारा तसाही होणारच.

मग या कणकेचे हवे ते आकार करा, पण अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा जाड नकोत. आमच्या गुबगुबीत हत्तीची सोंड वाळता वाळता तडकली! लटकवायचं असेल तर भोक ओलं असतानाच स्ट्रॉने पाडा, नंतर मोडतंच. वाळायला दोन-तीन दिवस, मधून उलटवत राहा. रंग त्यानंतर. घरात कुत्रा असेल तर मात्र ही कणीक उंचावर ठेवा, एवढं मीठ त्याच्या जिवावर बेतू शकतं.