पोरांना 'पॉवरवालं' पुस्तक सुचवायचंय? आधी पॉवर विचारू नका

"काकू, हॅरी पॉटरसारखं अजून काही आहे का, ज्यात मुलांना पॉवर असते?" सोसायटीतलं पुस्तकांचं कपाट मी सांभाळते त्यामुळे हा प्रश्न मला सारखाच येतो. आधी मी लगेच विचारायचे की कुठली पॉवर हवी, आग, उडणं, की मनातलं ओळखणं, आणि तसं पुस्तक काढून द्यायचे, आणि निम्मी पुस्तकं चार दिवसांत न वाचताच परत यायची. आता मी हॅरीमधलं काय आवडलं ते विचारते आणि मग गप्प बसते, मूल बोलेपर्यंत. कुणी म्हणतं शाळा, कुणी म्हणतं मित्र, आणि एखादी हळूच म्हणते, "त्याला घरात कुणी विचारत नव्हतं ना, ते." ह्या तिघांना एकच पुस्तक चालत नाही. कारण ह्या गोष्टींमध्ये पॉवर कुठल्यातरी दुखऱ्या जागेला चिकटलेली असते आणि मूल त्या जागेशी जोडलं जातं.

मे महिन्यात सातवीतला एक मुलगा आईबरोबर आला. "हा वाचतच नाही हो, अक्षरं उलटसुलट दिसतात त्याला." तो बिचारा पुस्तकाच्या कव्हरचा कोपरा दुमडायचा, उलगडायचा, आत काही बघेना. त्याला मी पर्सी जॅक्सनचा पहिला भाग दिला, द लायटनिंग थीफ, २००५ चं आहे. पर्सी हा ग्रीक देवाचा मुलगा, त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे अक्षरं वाचताना अडखळणं, कारण त्याचा मेंदू प्राचीन ग्रीक वाचायला बनलाय, आणि एडीएचडी, म्हणजे एका जागी लक्ष न लागणं, ही त्याच्यासाठी लढाईत जीव वाचवणारी चपळाई! लेखक रिक रिओर्डनने ही गोष्ट मुळात स्वतःच्या मुलासाठी रचली, त्यालाही हेच दोन्ही होतं. एवढंच मी त्या मुलाला सांगितलं आणि पहिलं प्रकरण मोठ्याने वाचून दाखवलं, गणिताच्या बाईंचे पंख बाहेर येतात तिथपर्यंत, आणि तिथेच थांबले. हे थांबणं फार महत्त्वाचं, पुढचं त्याचं त्याने वाचायचं, वेळ लागला तरी चालेल.

आपण कुठेच नीट बसत नाही असं वाटणाऱ्या मुलामुलींना मी नेदी ओकोराफोरचं अकाटा विच देते, २०११ चं. सनी न्यूयॉर्कमध्ये जन्मलेली, राहते नायजेरियात, अल्बिनो आहे, म्हणजे त्वचेत जन्मतःच रंग नाही, आणि फुटबॉलचं वेड असूनही उन्हात खेळता येत नाही. तिच्या जादूच्या जगात काही नवीन शिकलं की आकाशातून पैसे पडतात, चित्तिम म्हणतात त्यांना, आणि हे ऐकल्यावर एकही मूल पुस्तक खाली ठेवत नाही! आजीकडून महाभारत ऐकलेल्यांना आरू शाह, रोशनी चोक्शीचं. अटलांटाच्या म्युझियममध्ये राहणारी बारा वर्षांची मुलगी शाळेतल्या मुलांपुढे मारलेली थाप खरी करायला शापित दिवा लावते आणि मग कळतं की ती पांडवांपैकी एकाचा पुनर्जन्म आहे. परदेशातल्या भाच्यांना तर नक्की पाठवा.

वय मात्र बघा. नऊ-दहा वर्षांना रोआल्ड डालचं माटिल्डा. शॅटर मी मध्ये ज्युलिएटचा नुसता स्पर्श जीव घेऊ शकतो, आणि तिने खोडलेली वाक्यं तशीच छापलीत, सुंदर आहे पण प्रेमप्रकरण भरपूर, म्हणून मी चौदाच्या आधी देत नाही. द डार्केस्ट माइंड्स मध्ये पॉवर असलेल्या मुलांना कॅम्पात डांबलंय, ते पण मोठ्यांनाच. मिस पेरेग्रीन घाबरट मुलांना देताना आधी त्यातले जुने फोटो शेजारी बसून चाळा, भीती निम्मी होते.

इंग्रजी जड जात असेल तर जबरदस्ती करू नका, हॅरी पॉटर मराठीत आहे. आणि भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे द्या, फुरसुंगीच्या त्या पोराकडे जादू वगैरे काही नाही, सायकल आणि ट्टॉक, पण थरार तोच.

मालिका असेल तर एकच भाग हातात द्या, पाच भागांचा गठ्ठा बघून मूल दडपतं. शेवट सांगू नका. आणि पुस्तक अर्धवट परत आलं तर का नाही वाचलं म्हणून ओरडू नका, कुठल्या पानावर सोडलं ते विचारा आणि ते पान स्वतः वाचा. मारामारीच्या पानावर सोडलं असेल तर पुढचं पुस्तक शांत द्या, वर्णनाच्या पानावर सोडलं असेल तर पहिल्याच पानापासून पळणारं.