माइनक्राफ्टमध्ये खाडीकाठची वाडी: गावकरी आणणं, वाढवणं आणि टिकवणं

जांभ्याच्या जागी मड ब्रिक, कौलांच्या जागी विटांच्या पायऱ्या, पुढे पडवी, अंगणात वृंदावन, खाली खाडीकडे उतरणारी पाखाडी. माइनक्राफ्टमध्ये कोकणातलं घर असं छान उभं राहतं. पण वाडीत माणूस दिसत नाही, कारण गेममधल्या मॅन्ग्रोव्ह स्वॉम्पमध्ये, म्हणजे आपल्या कांदळवनात, गाव आपोआप तयार होतच नाही. घनदाट जंगलातही नाही. ज्या भागात कोकण सगळ्यात खरं दिसतं, नेमक्या त्याच भागात गावकरी बाहेरून आणावे लागतात.

आधी एक जुना गैरसमज बाजूला ठेवा. दारं जास्त लावली की वस्ती वाढते, असं सांगणारे व्हिडिओ अजून फिरतात. एप्रिल २०१९ मध्ये आलेल्या १.१४ आवृत्तीपासून दारांचा हिशेब संपला. गावकरी आता तीन गोष्टी बघतो: झोपायला बेड, खायला अन्न आणि कामाचा ब्लॉक, म्हणजे ज्याच्यावरून त्याचा पेशा ठरतो तो ब्लॉक. घर किती देखणं आहे याचा त्याच्याशी संबंध नाही, मात्र देखण्या घरामुळे बेड निकामी होऊ शकतो. ते पुढे येईलच.

पहिले दोघे आणायचे कसे

किनाऱ्यावर वाडी असेल तर होडी हा सर्वात सोपा मार्ग. मैदान, सवाना किंवा वाळवंटातलं जवळचं गाव शोधा आणि ५ फळ्यांची होडी गावकऱ्याला खेटून ठेवा. तो चालता चालता आत बसतो. मग पुढे तुम्ही बसा आणि वल्हवा. होडी जमिनीवरही सरकते, पण एका ब्लॉकची चढणसुद्धा चढत नाही. म्हणून गावापासून पाण्यापर्यंतची वाट उताराची निवडा, नाहीतर एक ब्लॉक खोल चर खणून त्यात पाणी सोडा. प्रवास दिवसा करा. रात्री समुद्रात ड्राऊन्ड, म्हणजे पाण्यातले झॉम्बी, फिरतात आणि होडीत अडकलेल्या गावकऱ्याला पळता येत नाही.

जेटीवर पोचल्यावर घाई करू नका. कुंपण, उजेड आणि बेड तयार झाल्याशिवाय होडी फोडू नका. होडीत बसलेला गावकरी कुठे जात नाही, मोकळा सोडलेला मात्र पहिल्याच रात्री खाजणात जाऊन मरतो. पाखाडीवरून वर न्यायचा असेल तर रूळ टाकून माइनकार्टमध्ये, म्हणजे रुळावरच्या छोट्या गाडीत, बसवा.

जवळपास गावच नसेल तर झॉम्बी झालेला गावकरी बरा करणं हा दुसरा मार्ग. संगणकावरच्या जावा आवृत्तीत साधारण शंभर झॉम्बींमागे ५ तसे असतात. त्याला छपराखाली कोंडा, उन्हात तो जळतो. पाण्याच्या बाटलीत आंबवलेला कोळ्याचा डोळा घालून वीकनेसचं औषध बनवा, त्यात गनपावडर घालून ते फेकण्याजोगं करा, त्याच्यावर फोडा आणि मग सोन्याचं सफरचंद द्या. सफरचंदाला सोन्याच्या ८ विटा (इन्गॉट) लागतात. तो थरथरू लागला की ३ ते ५ मिनिटांत माणूस होतो. असा बरा केलेला गावकरी तुम्हाला कायम स्वस्तात माल देतो, त्यामुळे खर्च वसूल होतो. त्यालाच पुन्हा झॉम्बी करून पुन्हा बरा करायचा आणि भाव आणखी पाडायचा, ही युक्ती १.२०.२ पासून बंद झाली.

बेड आणि उतरतं छप्पर

प्रजननासाठी दोन मोठे गावकरी आणि किमान ३ बेड लागतात: दोन त्यांचे, एक होणाऱ्या मुलाचा. म्हणजे माणसांपेक्षा बेड कायम जास्त हवेत. बेडच्या वर दोन ब्लॉक मोकळे असले पाहिजेत, कारण मुलं बेडवर उड्या मारतात आणि गेम तेवढी जागा तपासतो. शिवाय बेडपर्यंत चालत जायला वाट हवी.

कोकणी घरात नेमकं इथेच अडतं. समजा मधल्या घराची भिंत ४ ब्लॉक उंच आहे आणि बाहेर २ ब्लॉक खोल पडवी आहे. छपराच्या पायऱ्या भिंतीवर पाचव्या थरात, पडवीच्या पहिल्या ओळीवर चौथ्या थरात आणि बाहेरच्या ओळीवर तिसऱ्या थरात येतात. पहिल्या ओळीत बेड ठेवला तर त्याच्यावर दोन ब्लॉक उरतात, तो चालतो. बाहेरच्या ओळीत एकच उरतो. तिथे गावकरी आरामात चालेल, पण तो बेड मुलासाठी धरला जाणार नाही. भिंत ३ ब्लॉकची ठेवलीत तर बाहेरच्या ओळीत चालताही येत नाही आणि पडवी नुसती शोभेची होते. ठेंगणं घर हवं असेल तर पडवीवर पायऱ्यांऐवजी स्लॅब लावा. उतार निम्मा होतो आणि डोक्यावरची जागा टिकते.

पोटमाळ्यावर बेड टाकून शिडी लावली तर ते बेड वाया जातात. गावकऱ्याला शिडीची वाट शोधता येत नाही. पायऱ्यांचा जिना करा. लाकडी दार तो उघडतो, लोखंडी दार आणि कुंपणाचं फाटक उघडत नाही. घराला फाटक लावून दार काढून टाकलं, तर तुम्ही त्याला कोंडलं आहे असं समजा.

सगळं जमलं आहे की नाही, ते त्यांच्या डोक्यावर उडणाऱ्या कणांवरून, म्हणजे छोट्या चिन्हांवरून, कळतं. दोघांच्या डोक्यावर हृदयं आली आणि मूल झालं, की काम झालं. हृदयं येऊन लगेच काळे ढग दिसले तर अन्न पुरेसं आहे, बेड कमी आहे किंवा तिथवर वाट नाही. काहीच दिसत नसेल तर अन्न कमी आहे.

अन्न

प्रत्येकाला एका वेळी ३ पाव किंवा १२ गाजरं लागतात. बटाटे आणि बीटही १२च. हे अन्न त्यांच्यासमोर टाकलं की ते उचलतात. एका मुलानंतर आई-बाप ५ मिनिटं थांबतात आणि मूल २० मिनिटांत, म्हणजे गेममधल्या एका दिवसात, मोठं होतं.

रोज हाताने खायला घालण्यापेक्षा शेतकरी नेमा. ९ बाय ९ चा कुणगा करा, मधोमध एक पाण्याचा ब्लॉक. पाणी चारही बाजूंना ४ ब्लॉकपर्यंत पोचतं, त्यामुळे ८० ब्लॉक ओले राहतात. बाजूला कंपोस्टर, म्हणजे शेतकऱ्याचा कामाचा ब्लॉक, ठेवा. त्याला ७ लाकडी स्लॅब लागतात. शेतकरी स्वतः पेरतो, कापतो आणि जास्तीचं अन्न इतरांकडे फेकतो.

गेममध्ये भात नाही, म्हणून कुणग्यात गहू लावायचा मोह होतो. दिसायला तो भातासारखाच दिसतो. थोडा लावा, पण वस्ती वाढवायची असेल तर मुख्य पीक गाजर किंवा बटाटाच हवं. गावकऱ्याच्या झोळीत फक्त ८ कप्पे असतात. गव्हासोबत बी येतं, कप्पे बियांनी भरतात आणि अन्न वाटणं मंदावतं. गाजराला वेगळं बी नसल्यामुळे हा घोळ होत नाही.

सगळं बरोबर असूनही ते अन्नाला हातच लावत नसतील तर जगाच्या सेटिंगमध्ये मॉब ग्रीफिंग बंद केलंय का ते बघा. क्रीपरने, म्हणजे जवळ येऊन फुटणाऱ्या राक्षसाने, घर फोडू नये म्हणून अनेकजण ते बंद करतात आणि त्यासोबत गावकऱ्यांचं उचलणं व शेती दोन्ही थांबतं.

कामं वाटताना

खाडीकाठच्या वाडीत तीन जण सगळ्यात उपयोगी: गवंडी, मासेमार आणि बाण बनवणारा.

गवंड्यासाठी स्टोनकटर ठेवा, म्हणजे लोखंडाची १ वीट (इन्गॉट) आणि ३ दगड. तो चिकणमातीचे १० गोळे घेऊन १ एमराल्ड, म्हणजे गावकऱ्यांचं चलन, देतो आणि १ एमराल्डला १० विटा विकतो. कौलांचा प्रश्न इथेच सुटतो. मातीही कांदळवनातलीच वापरता येते: चिखलाचा ब्लॉक एका दगडावर ठेवा, त्या दगडाच्या खालच्या बाजूला टोकदार ड्रिपस्टोन, म्हणजे खाली लोंबणारा सुळका, लावा. चिखलातलं पाणी झिरपून काही वेळाने त्याची चिकणमाती होते आणि एका ब्लॉकमधून ४ गोळे निघतात. अशी दहा-बारा ठिकाणं ओळीने केली की गवंडी रिकामा बसत नाही. छपराच्या पायऱ्या क्राफ्टिंग टेबलवर करू नका, तिथे ६ ब्लॉकमधून ४च होतात. स्टोनकटरवर एका ब्लॉकची एक पायरी मिळते.

मासेमारासाठी जेटीवर पिंप ठेवा. तो सुरुवातीला २० दोरे किंवा १० कोळसे घेऊन १ एमराल्ड देतो, पुढच्या पातळीला १५ कच्चे कॉड घेतो, आणि शेवटच्या पातळीला एका होडीला १ एमराल्ड देतो. कोणती होडी घेणार ते त्याच्या मूळ प्रदेशावर ठरतं. मैदानातला ओकची मागतो, दलदलीतला डार्क ओकची. कांदळवनात जन्मलेली मुलं दलदलीच्या वेशात येऊ शकतात. त्यांच्या डोक्यावर कमळाचं पान असतं, पावसात इरलं घेतल्यासारखं. जावात हा वेश मिळण्याची शक्यता निम्मी, बाकी निम्मी आई-बापाच्या वेशाची.

बाण बनवणारा ३२ काठ्यांना १ एमराल्ड देतो. ३२ काठ्या म्हणजे ४ ओंडके. सुरुवातीचा पैसा इथूनच उभा करा.

बाकीचे गरजेप्रमाणे: ग्रंथपालाला लेक्टर्न, धनगराला माग, खाटकाला स्मोकर, चर्मकाराला कढई. हिरव्या झग्यातला गावकरी कुठलंच काम घेत नाही, त्याच्या मागे ब्लॉक ठेवत बसू नका. मुलं मात्र त्यालाही होतात.

एकदा व्यवहार केला की पेशा कायमचा. त्याआधी ब्लॉक फोडून पुन्हा ठेवला तर त्याचे भाव आणि माल बदलतो. ग्रंथपालाकडून हवं ते पुस्तक मिळेपर्यंत हे करत राहायचं असतं. माल संपला तर तो दिवसातून दोनदा भरतो, पण त्यासाठी त्याला स्वतःच्या ब्लॉकपाशी जाता आलं पाहिजे.

मोबाईलवरच्या बेडरॉक आवृत्तीत एक त्रास हमखास होतो. मासेमार डोंगरावरच्या पिंपाला जोडला जातो, शेतकरी भलत्याच कंपोस्टरला, आणि मग कोणाचाच माल भरत नाही. उपाय वेळखाऊ आहे पण खात्रीचा: सगळे कामाचे ब्लॉक काढा, मग एक गावकरी एका जागी अडवून त्याच्या शेजारी त्याचा ब्लॉक ठेवा, हिरवे कण दिसले की दुसऱ्याकडे वळा.

रात्र, समुद्र आणि पाऊस

किनाऱ्यावरच्या वाडीला जमिनीवरच्या झॉम्बींइतकाच धोका पाण्यातून येणाऱ्या ड्राऊन्डचा असतो. ते समुद्रात आणि नदीत तयार होतात आणि अंधार पडला की काठावर चढतात. म्हणून गडगा पाण्याच्या बाजूनेही हवा. तो पूर्ण ब्लॉकचा एक थर रचून केला तर उपयोग शून्य. एक ब्लॉक कोणीही उडी मारून ओलांडतो. मड ब्रिक किंवा ग्रॅनाइटचा भिंत-ब्लॉक वापरा. तो दिसतो एका ब्लॉकएवढा, पण उडीच्या हिशेबात दीड ब्लॉकचा असतो. जेटीच्या तोंडाशी फाटक लावा आणि जेटीलगतच्या उथळ पाण्यात सी लँटर्न बुडवा.

१.१८ पासून बहुतेक राक्षस फक्त उजेडाची पातळी शून्य असेल तिथेच तयार होतात, त्यामुळे थोडक्या मशालींत भागतं. राहून जातात त्या जागा ठरलेल्या: मांगराचा आतला कोपरा, विहिरीमागची बाजू, पोटमाळा. पाखाडीला खालच्या अर्ध्या स्लॅब वापरल्यात तर त्यांच्यावर काहीच तयार होत नाही.

हार्ड पातळीवर झॉम्बीने मारलेला प्रत्येक गावकरी झॉम्बी होतो, नॉर्मलवर निम्मे. हार्डवर झॉम्बी लाकडी दारही फोडतात. लोखंडी गोलेम, म्हणजे गावाचा राखणदार, हवाच. बेडरॉकमध्ये तो आपोआप येण्यासाठी १० गावकरी आणि २० बेड लागतात आणि गावकऱ्यांपैकी ७५ टक्क्यांनी आदल्या दिवशी काम केलेलं असावं लागतं. तेवढी वस्ती होईपर्यंत लोखंडाचे ४ ब्लॉक आणि कोरलेला भोपळा वापरून स्वतः उभा करा. लोखंडाच्या ३६ विटा लागतात. राक्षसाच्या मागे तो खाडीत उतरतो, बुडत नाही, पण वर येण्याची वाट नसेल तर तळाशीच राहतो. गडगा त्याच्यासाठीही आहे.

वीज गावकऱ्याजवळ पडली तर त्याची चेटकीण होते. तांब्याच्या ३ विटांचा लाइटनिंग रॉड जावात १२८ ब्लॉकच्या परिघातली वीज स्वतःकडे ओढतो. देवळाच्या शिखरावर कळसाच्या जागी तो शोभूनही दिसतो. फक्त जमिनीपासून सात-आठ ब्लॉक उंच ठेवा, कारण रॉडच्या अगदी जवळ असलेल्यालाही वीज बाधते. त्याच देवळाच्या अंगणात घंटा टांगा: दुपारनंतर गावकरी तिच्याभोवती जमतात. घंटा बनवता येत नाही. जुन्या गावातून कुदळीने काढून आणा किंवा चिलखत बनवणाऱ्याकडून ३६ एमराल्डला घ्या.

साध्या फोनवर सिम्युलेशन डिस्टन्स, म्हणजे तुमच्याभोवती जेवढं जग चालू राहतं ते अंतर, बहुतेक ४ चंकवर असतो, म्हणजे तुमच्यापासून साधारण ६४ ब्लॉक. त्याच्या बाहेर गेलात की वाडी जिथल्या तिथे थांबते: पीक वाढत नाही, मूल मोठं होत नाही, माल भरत नाही. खाण किंवा मासेमारीची जागा वाडीच्या त्या अंतरातच ठेवा.