कार्ब्युरेटरच्या बाइकचं मायलेज: स्क्रू नेमका किती फिरवायचा

टायरमधली हवा, स्वच्छ एअर फिल्टर, चेनची ढील, न घासणारे ब्रेक, टॅपेट आणि प्लगची फट हे सगळं आधी मॅन्युअलप्रमाणे करून घ्या. यातलं काहीही बाकी असेल तर कार्ब्युरेटरला, म्हणजे हवा आणि पेट्रोल मिसळून इंजिनला देणाऱ्या भागाला, हात लावू नका.

आता खरं काम. ‘स्क्रू आवळा, पेट्रोल कमी जाईल’ हा सल्ला देणाऱ्यांचा मला राग येतो, कारण कार्ब्युरेटरवरचे हे मिश्रण ठरवणारे स्क्रू दोन जातींचे असतात. एअर फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवेचा. तो आवळला की हवा कमी होते आणि पेट्रोलचं प्रमाण उलट वाढतं. इंजिनच्या बाजूचा असेल तर तो पेट्रोल कमी करतो. हा फरक कुणी समजावून सांगत नाही, म्हणून ही पायरी मलाही फार दिवस जमत नव्हती. आपला स्क्रू कोणता, ते आधी ओळखा.

गाडी चालवून इंजिन नीट तापवा, चोक लावलेला असेल तर तो बंद करा, मग इंजिन बंद करा. स्क्रू हलक्या हाताने टेकेपर्यंतच आवळा. जोर लावलात तर टोक आणि त्याची बैठक दोन्ही कायमची बिघडतात. तिथून मॅन्युअलमध्ये दिलेत तेवढे फेरे स्क्रू सैल करा आणि इंजिन सुरू करा. आता पाव-पाव फेरा फिरवा, दरवेळी थोडं थांबा आणि कान देऊन ऐका. रेस, म्हणजे इंजिनचा वेग, चढत जाते, एका जागी सर्वांत वर असते आणि पुढे पडू लागते. त्या वरच्या जागी थांबा. आयडलच्या स्क्रूने (थ्रॉटल सोडल्यावरची रेस ठरवणारा हा वेगळा स्क्रू) रेस खाली आणा आणि पुन्हा एकदा हेच करून बघा, कारण रेस बदलली की ती जागाही थोडी सरकते.

इथून पुढे पेट्रोल आणखी कमी करण्याच्या मोहात पडू नका. हवेचं प्रमाण वजनाने पेट्रोलच्या साधारण १४.७ पट असलं की पेट्रोल पूर्ण जळतं. त्याहून मिश्रण फार पातळ केलं तर गाडी अडखळते, आपण थ्रॉटल जास्त पिळतो, इंजिन तापतं आणि वाचवलेलं पेट्रोल तिथेच जातं.

शिवाय हा स्क्रू आयडलपासून साधारण पाव थ्रॉटलपर्यंतच चालतो. त्यापुढे कार्ब्युरेटरच्या आतले, पेट्रोल मोजून सोडणारे दोन भाग, सुई आणि मेन जेट, यांचं राज्य. फक्त मोठ्या वेगात मायलेज पडत असेल तर स्क्रूशी झटापट करू नका, सुई तपासा.

काही दिवसांनी प्लग काढून बघा. तपकिरी असेल तर जुळलं. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त, पांढराफटक असेल तर कमी.

चालवताना वेग एकसारखा ठेवा आणि पुढे थांबायचं दिसलं की थ्रॉटल आधीच सोडा.

मायलेज मोजताना टाकी दोन्ही वेळा गाडी मेन स्टँडवर लावून एकाच खुणेपर्यंत भरा. निदान दोन-तीन टाक्यांची सरासरी धरा.