पीआर नाकारणं वेगळं, माणसाला बाहेर काढणं वेगळं

ऑक्टोबर 2020. कॉलेज बंद, मी कराडला घरी. वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी व्हिडिओ टाकला: हॅक्टोबरफेस्टमध्ये चार पीआर करा, टी-शर्ट मिळवा. हॅक्टोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरभर चालणारा ओपन सोर्सचा, म्हणजे सगळ्यांना खुल्या असलेल्या कोडचा उपक्रम; पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट, दुसऱ्याच्या कोडमध्ये सुचवलेला बदल. मी तीन अनोळखी रेपोंच्या (प्रकल्पांच्या कोडसाठ्यांच्या) रीडमी या माहितीच्या फाइलमध्ये एकेक कौतुकाचं वाक्य घातलं आणि पाठवून दिलं. सकाळी तिन्हींवर ‘स्पॅम’चं लेबल होतं. एका मेंटेनरने, म्हणजे प्रकल्प सांभाळणाऱ्याने, खाली लिहिलं होतं की तो हे काम नोकरी सांभाळून रात्री करतो आणि त्या रात्रीचा सगळा वेळ असले पीआर बंद करण्यात गेला. त्या वर्षी असे पीआर इतके आले की 3 ऑक्टोबरला आयोजक डिजिटलओशनने नियमच बदलला: ज्या रेपोंनी स्वतःहून सहभाग नोंदवलाय, तिथलेच पीआर मोजले जातील.

मला वाटलं, आपलं नाव कायमचं काळ्या यादीत गेलं. तसं काही झालं नाही. मी त्या मेंटेनरची माफी मागितली. त्याने सोपा इश्यू (नोंदवलेली अडचण) सुचवला आणि माझा पहिला खरा पीआर तिथेच मर्ज झाला, म्हणजे मुख्य कोडमध्ये घेतला गेला.

आज मी तारखा वाचणाऱ्या एका छोट्या लायब्ररीची (इतरांना वापरता येणाऱ्या तयार कोडची) मेंटेनर आहे आणि तिथल्या तीन जणांच्या आचारसंहिता समितीतही आहे. नवीन मुलं हमखास विचारतात, “ताई, चुकलं तर बॅन करतात का?” चुकीच्या कोडसाठी कुणाला काढलेलं मी एकदाही पाहिलेलं नाही. काढावं लागतं ते सांगूनही जो थांबत नाही त्याला.

बऱ्याच प्रकल्पांची आचारसंहिता काँट्रिब्युटर कव्हनंट या तयार आचारसंहितेवर बेतलेली असते. कोरलाइन अ‍ॅडा एमकी यांनी 2014 मध्ये ती लिहिली. तिच्या 2.0 आवृत्तीत कारवाईच्या चार पायऱ्या आहेत: खासगीत लेखी समज, ताकीद, तात्पुरती बंदी आणि कायमची बंदी. आमच्याकडे आलेल्या बहुतेक तक्रारी पहिल्या पायरीवरच मिटल्या. माणूस “सॉरी, लक्षात आलं नाही” म्हणतो, कामाला लागतो, आणि ते प्रकरण बाहेर कुणाला कळतही नाही.

एक प्रकरण मात्र सात महिने चाललं.

तो आमच्यातला सगळ्यात हुशार माणूस होता. टाइमझोनचं सगळं मॉड्यूल त्याचं. लातूरच्या एका मुलाने देवनागरी अंकांतली तारीख, म्हणजे ‘१२/०३’ अशी, ओळखता यावी म्हणून पीआर टाकला. कोड कच्चा होता, टेस्ट (कोड बरोबर चालतो का ते तपासणाऱ्या चाचण्या) दोनच होत्या. रिव्ह्यूत, म्हणजे पीआर तपासताना, त्या हुशार माणसाने लिहिलं, “आधी प्रोग्रामिंग शिक, मग इथे ये.” मुलाने अर्ध्या तासात स्वतःच पीआर बंद केला. खाली एक शब्दही लिहिला नाही. ते बंद झालेलं लाल चिन्ह मला अजून दिसतं.

आम्ही काय केलं? काहीच नाही. “त्याचा स्वभावच तसा आहे, पण काम बघ ना” असं एकमेकांना सांगत राहिलो. दोन महिन्यांत आणखी एक मुलगी निघून गेली. तेव्हा कुठे आम्ही एका सामायिक कागदावर त्याच्या अशा शेऱ्यांचे तारीखवार दुवे जमवायला बसलो आणि चौदा सापडले. एकेकटा वाचला तर प्रत्येक शेरा ‘जाऊ दे’ म्हणण्यासारखा होता. चौदा सलग वाचवत नव्हते.

तिसऱ्या महिन्यात लेखी समज, मग ताकीद, पाचव्या महिन्यात तीस दिवसांची बंदी. चौथ्या दिवशी नवीन नावाचं खातं आलं आणि त्याच वादात त्याची बाजू मांडू लागलं. पूर्णविरामानंतर दोन जागा सोडायची त्याची सवय त्या खात्यालाही होती. विचारलं तर नाकारलं नाही. सातव्या महिन्यात आम्ही कायमची बंदी घातली. कमिटचा, म्हणजे कोडमध्ये थेट बदल करायचा, हक्क काढला, पॅकेज प्रकाशित करायचा टोकन रद्द केला, रिलीजची किल्ली बदलली. त्याचा कोड आणि योगदानकर्त्यांच्या यादीतलं नाव तसंच ठेवलं, कारण ते काम त्याचंच आहे. टाइमझोनचे बग आता आम्ही सोडवतो. जड जातं, आणि तरीही आम्ही हे पाच महिने उशिरा केलं असंच मला वाटतं.

हे छोट्या प्रकल्पातच होतं असं नाही. लिनक्स कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, बीकॅशएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइली मांडून ठेवणारी व्यवस्था) 6.7 आवृत्तीत आली; केंट ओव्हरस्ट्रीट यांची अनेक वर्षांची मेहनत. नोव्हेंबर 2024 मध्ये मेलिंग लिस्टवर एका सहकाऱ्याला अपमानास्पद लिहिल्याबद्दल आचारसंहिता समितीने शिफारस केली, तांत्रिक सल्लागार मंडळाने ती मान्य केली आणि 6.13 च्या चक्रात त्यांच्या पुल रिक्वेस्ट घ्यायच्या नाहीत असं ठरलं. एक आवृत्ती तयार होण्याचं चक्र साधारण नऊ-दहा आठवड्यांचं असतं. 2025 मधला वाद वेगळा होता. मर्ज विंडो, म्हणजे नवीन सुविधा स्वीकारायची मुदत, मिटल्यावर फक्त दुरुस्त्या पाठवायच्या हा तिथला नियम. त्या काळात नवीन सुविधा पाठवण्यावरून लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांच्याशी खटके उडत गेले. 6.17 मध्ये ती फाइल सिस्टिम ‘बाहेर सांभाळली जाणारी’ ठरली आणि 6.18 मध्ये तिचा कोड कर्नलमधून काढला. ती आता कर्नलबाहेरचं मॉड्यूल म्हणून मिळते. नवख्यांनी यातला दुसरा भाग जास्त लक्ष देऊन वाचावा. शिवी न देताही, वेळापत्रक पुन्हापुन्हा मोडल्याने विश्वास जातो.

निर्णय सगळ्यांना पटतोच असं नाही. ऑगस्ट 2024 मध्ये पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या स्टीअरिंग कौन्सिलने (निर्णय घेणाऱ्या मंडळाने) टिम पीटर्स यांना तीन महिन्यांसाठी निलंबित केलं. टिमसॉर्ट हा यादी क्रमाने लावायचा अल्गोरिदम ज्यांच्या नावाने ओळखला जातो ते हेच. कारणांत एक असं होतं की उपविधींवरच्या चर्चेत 177 पैकी 47 पोस्ट एकट्या त्यांच्या होत्या. अनेक जुन्या जाणत्यांनी या निर्णयाला उघड विरोध केला आणि मलाही काही कारणं कमकुवत वाटली. पण तो आकडा मी मनात ठेवलाय. एखाद्या चर्चेत माझं चौथं उत्तर लिहून होतं तेव्हा मी ते पाठवण्याआधी जेवून येते.

तुमच्यावर कधी समज देणारी मेल आलीच, तर त्याच दिवशी उत्तर देऊ नका. दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहा: काय झालं, पुढे काय करणार. मित्रांना बाजू घ्यायला बोलावू नका, आणि दुसरं खातं तर अजिबात काढू नका. तात्पुरती बंदी कायमची होण्याचं ते आमच्याकडचं एकमेव कारण ठरलंय. एआयकडून लिहून घेतलेला अहवाल स्वतः चालवून न बघता पाठवू नका. कर्ल या डेटा पाठवण्या-आणण्याच्या साधनाच्या डॅनियल स्टेनबर्ग यांनी असे बनावट सुरक्षा अहवाल पाठवणाऱ्यांना 2025 पासून थेट बाहेर काढायला सुरुवात केली.

आणि त्रास तुम्हाला होत असेल, तर त्या मुलासारखं गुपचूप पीआर बंद करून जाऊ नका. आचारसंहितेच्या फाइलमध्ये पत्ता असतो. दुवा, तारीख आणि ‘यामुळे मला काम थांबवावं लागलं’ एवढं एक वाक्य पुरतं. भाषा सुबक नसली तरी चालते. मराठीतून आलेली तक्रारही मी घेतलीय.

बंदीनंतरच्या रविवारी मी निघून गेलेल्या दोघांनाही लिहिलं, काय झालं ते सांगितलं, आम्ही उशीर केला हे कबूल केलं. मुलीचं उत्तर आलं नाही. लातूरच्या मुलाने सोळा दिवसांनी तोच पीआर पुन्हा उघडला. या वेळी अकरा टेस्ट होत्या, त्यातली एक ‘०१/०५/१९६०’ची.