प्रिंटवर प्रिंट घालताना या चुका टाळा

फुलाफुलांचा शर्ट चांगला दिसतो, रेघांची पँटही चांगली दिसते, पण दोन्ही एकत्र घातले की काहीतरी खटकतं. दोष बहुतेक वेळा रंगांवर जातो. खरं तर रंग जुळूनही जोडी फसते, कारण रंगांच्या आधी पाहायच्या तीन गोष्टी राहून जातात: कापडाची जमीन, नक्षीचं माप आणि उठाव, म्हणजे नक्षीतल्या गडद-फिकट रंगांमधला फरक.

जमिनीकडे दुर्लक्ष

नक्षीमागे दिसणारा मूळ रंग म्हणजे जमीन. एका कपड्याची जमीन पांढरीशुभ्र आणि दुसऱ्याची ऑफ-व्हाइट असेल, तर ऑफ-व्हाइट कपडा शेजारी मळका वाटतो, मग वरची फुलं कितीही जुळोत. ट्यूबलाइटच्या उजेडात हा फरक सहज निसटतो. दिवसा खिडकीपाशी दोन्ही कपडे एकमेकांना लावून पाहा. शुभ्राला शुभ्र, ऑफ-व्हाइटला ऑफ-व्हाइट. काळा आणि गडद निळा यांचंही तेच: जमिनी एकतर अगदी सारख्या हव्यात, नाहीतर पाहताक्षणी वेगळ्या. ‘साधारण सारखाच आहे’ म्हणून चालवून घेतलेली जोडीच सर्वात जास्त खटकते.

सेट असेल तर दोन्ही कपडे नेहमी एकत्र धुवा. एकच जास्त वेळा धुतला गेला की काही महिन्यांत त्याची जमीन वेगळी दिसू लागते.

एकाच मापाच्या दोन नक्ष्या

दोन्ही नक्ष्या एकाच मापाच्या असल्या की नजर कुठेच ठरत नाही. मोठी नक्षी लहानीच्या निदान तिप्पट ठेवा. ६ ते ८ सेंटिमीटरच्या फुलांबरोबर दीड-दोन सेंटिमीटरची बुट्टी किंवा २-३ मिलिमीटरची रेघ चालते. ५ सेंटिमीटरची पानं चालत नाहीत. फुलांमधली मोकळी जागाही पाहा. एक प्रिंट दाट असेल तर दुसरं विरळ घ्या, म्हणजे डोळ्यांना विसावा मिळतो.

ऑनलाइन खरेदीत हे माप हमखास चुकतं, कारण फोटोत फूल किती मोठं आहे ते कळत नाही. अशा वेळी बटणाचा आधार घ्या. नेहमीच्या शर्टाचं पुढचं बटण साधारण ११ मिलिमीटरचं असतं. फोटोतलं फूल चार बटणांएवढं भरलं, तर ते साडेचार सेंटिमीटरच्या आसपास आहे.

नक्षी फारच बारीक असेल तर दुरून ती दिसतच नाही, रंग मात्र एकमेकांत मिसळतात. मिलिमीटरभराचा लाल-पांढरा चौकडा चार-पाच मीटरवरून गुलाबी वाटतो, म्हणून जोडी लावताना त्याला गुलाबी समजा. पहिल्यांदाच प्रिंटवर प्रिंट घालणाऱ्यांनी दुसरा कपडा असाच बारीक नक्षीचा घ्यावा. त्यात चुकायला फारसा वाव नाही. फक्त व्हिडिओ कॉलला बारीक रेघा टाळा. कॅमेऱ्याच्या पिक्सेलची जाळी आणि कापडावरच्या रेघा एकमेकींवर येतात आणि पडद्यावर लाटा हलताना दिसतात.

उठावाचा मेळ नसणे

काळ्या-पांढऱ्या ठसठशीत पट्ट्यांशेजारी फिकट, पाणीदार फुलांचं प्रिंट विटल्यासारखं वाटतं. तपासायला जोडी घालून आरशात फोटो काढा आणि फोनमध्ये तो कृष्णधवल करा. एक कपडा झपकन पुढे येत असेल आणि दुसरा नुसता करडा गोळा होत असेल, तर मेळ नाही. घरातून निघता निघता हे लक्षात आलं, तर दोन प्रिंटांच्या मध्ये साधा रंग आणा: रुंद पट्टा, वरून उघडं ठेवलेलं प्लेन जॅकेट किंवा ओढणी. ही साधी पट्टी चार बोटांहून अरुंद असली तर काही उपयोग होत नाही.

ठळक रंगच उचलणे

प्रिंटमधला सर्वात जास्त दिसणारा रंग उचलून त्याच रंगाचा दुसरा कपडा घेतला, की जोडी सपाट वाटते. प्रिंटात सर्वात कमी वापरलेला रंग शोधा आणि तो दुसऱ्या कपड्यात आणा. कापड ताग्यावरून घेत असाल तर किनार पाहा. बऱ्याच छापील कापडांच्या किनारीवर छोट्या रंगीत ठिपक्यांची ओळ असते, छपाईतल्या प्रत्येक रंगाचा एक ठिपका. नक्षीत हरवलेला मोहरी किंवा गंजका रंग तिथे वेगळा सापडतो.

कापड घेताना आणि शिवताना

छापील चौकडा बरेचदा विणीला तिरका छापलेला असतो. कापडाचा एक आडवा धागा ओढून काढा आणि चौकड्याची रेघ त्याला समांतर जाते का पाहा. पूर्ण पन्ह्यात सेंटिमीटरभराहून जास्त फरक असेल तर ते कापड घेऊ नका. इस्त्रीने हा तिरकेपणा जात नाही, आणि कुशल कारागिरालाही बाजूच्या शिवणीवर रेघा जुळवता येत नाहीत. विणलेल्या चौकड्यात ही अडचण नसते. तो ओळखायला उलटी बाजू पाहा. तिथेही रंग तितकाच गडद असतो.

मोठ्या नक्षीसाठी कापड जास्त लागतं. नक्षी ३० सेंटिमीटरनंतर पुन्हा येत असेल, तर पुढचा भाग, पाठ आणि बाह्यांसाठी तेवढं तेवढं जादा धरा. एकाच दिशेला तोंड असलेली नक्षी असेल तर सगळे भाग त्याच दिशेने कापायला सांगा, नाहीतर पाठीवरची झाडं उलटी उभी राहतात. मोठं फूल नेमकं छातीवर येणार नाही, हेही कापण्याआधी कापड अंगाला लावून ठरवा. खिशावर रेघा जुळत नसतील तर खिसा मुद्दाम तिरका कापून घ्यावा. जेमतेम चुकलेल्या रेघेपेक्षा तो कितीतरी चांगला दिसतो.

आडव्या रेघांची भीती

आडव्या रेघांनी माणूस जाड दिसतो, हा समज सोडून द्या. आडव्या रेघांनी भरलेला चौकोन उभ्या रेघांच्या चौकोनापेक्षा उंच आणि अरुंद भासतो, हे जर्मन शास्त्रज्ञ हर्मन फॉन हेल्महोल्ट्झ यांनी १८६७ मध्येच नोंदवलं होतं. बेढबपणा येतो तो रेघा पोटावर ताणल्या जाऊन वाकड्या झाल्या की. तेव्हा कपड्याचं माप बदला, रेघा बदलू नका.

प्रिंट लवकर विटणे

पिग्मेंट छपाईत रंग धाग्यात मुरत नाही, वर चिकटून बसतो. बोट फिरवलं की बऱ्याचदा किंचित खरखरीत लागतो. असे कपडे उलटे करून थंड पाण्यात धुवा, ब्रश लावू नका, उलटेच सावलीत वाळवा आणि इस्त्रीही उलट्या बाजूने करा. ताणणाऱ्या कापडावरचं प्रिंट घेण्याआधी दोन्ही हातांनी ओढून पाहा. रंगाला भेगा पडून खालचा पांढरा दिसला, तर गुडघ्यावर तो रोज दिसेल.

गडद नक्षी आणि पांढरी जमीन असलेला कपडा भिजत ठेवू नका, ओला बोळा करून तर अजिबात नको. मिठाच्या पाण्याने सुटा रंग पक्का होत नाही. ओलं पांढरं फडकं आतल्या शिवणीवर घासून पाहा. त्याला रंग लागला, तर तो लागायचा थांबेपर्यंत कपडा वेगळा धुवा, लगेच पिळा आणि पसरून वाळत घाला.