उताराच्या शर्यतीचा जुना बोर्ड जुळवताय? या चुका टाळा

कॅलिफोर्नियातल्या सिग्नल हिलवर 1975 पासून काही वर्षं स्केटबोर्डची उताराची शर्यत व्हायची. 11 जून 1978 ला जॉन हट्सनने तिथे ताशी 86.01 किलोमीटरचा वेग गाठला. त्या धाटणीचा बोर्ड आज जुळवायला घेतला, की बहुतेक जण आधी लांब फळी शोधतात. तिथेच चुकतं.

फळीची लांबी नव्हे, दोन ट्रकांमधलं, म्हणजे फळीखाली चाकं धरणाऱ्या धातूच्या दोन भागांमधलं, अंतर मोजा. झुकाव तेवढाच ठेवून हे अंतर दुप्पट केलं, तर वळणाचा घेरही दुप्पट होतो. पाय जरासा हलला तरी बोर्ड एकदम तिरपा पळत नाही. चार फुटी फळीला ट्रक खूप आत बसवले, तर ती आखूड बोर्डासारखीच वागणार.

अंतर वाढवलं, पण फळी स्लॅलमच्या (शंकूंमधून नागमोडी जाण्याच्या शर्यतीच्या) बोर्डासारखी लवचिक ठेवली, ही पुढची चूक. स्लॅलमला ती लवच हवी असते, उताराला ती घातक. फळीची दोन्ही टोकं धरून पिळून बघा. सहज पिळली गेली, तर वेगात पुढचा ट्रक एक म्हणेल आणि मागचा दुसरंच. अशी फळी कितीही सुंदर असली तरी मी उतारावर नेणार नाही.

बोर्ड थरथरायला लागला की पाना घेऊन दोन्ही ट्रक करकचून आवळले जातात. बुशिंग, म्हणजे ट्रकातल्या मऊ चकत्या, चिरडतात, वळता येत नाही आणि थरथर फक्त थोड्या जास्त वेगावर ढकलली जाते. आधी ट्रक हाताने हलवून पाहा. जुन्या ट्रकांत पिव्हॉटचं, म्हणजे ट्रक ज्या टोकावर फिरतो तिथलं, रबर झिजून खुळखुळा झालेला असतो. तो तसाच ठेवून केलेली सगळी मेहनत वाया. मग मागचा ट्रक पुढच्यापेक्षा कडक ठेवा, आणि अंगाचा भार पुढच्या पायावर. घाबरून मागे झुकलात की थरथर वाढते.

ट्रक आणि फळी यांच्यामध्ये बसवायचे उंच पॅड टाळा. चाकं युरेथेनचीच (रबरासारख्या चिवट प्लास्टिकची) घ्या. ‘क्ले’ म्हणून ओळखली जाणारी जुनी कडक चाकं बारीक खड्यालाही अडतात. सुट्या गोळ्यांची बेअरिंग असतील तर नट इतकाच आवळा की चाक मोकळं फिरेल, पण बाजूला डुलणार नाही. पहिल्या फेरीनंतर हे पुन्हा तपासा, कारण तो नट हलतो.